‘एल्सा लिंडग्रेन’ची जावक

साल १९५८, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. सुपिरियर सरोवराकाठचे ते बंदर गोठायला लागले होते. लोहखनिजाचे शेवटचे जहाज आदल्या दिवशीच गेले होते. धक्का रिकामा होता. म्हातारा रेइनो हालोनेन गावच्या वर्तमानपत्रासाठी जहाजांची आवक-जावक लिही. त्या दुपारी तो हंगामाची वही मिटायला निघाला, तोच शेजारच्या साइमाचा ‘घरी येऊन जा’ असा निरोप आला.

छापखाना कुणासाठी थांबत नसे, म्हणून दूर पाण्यावर धूर दिसला की रेइनो आवक लिहून मोकळा होई. बारा वर्षांपूर्वी ‘एल्सा लिंडग्रेन’ जहाजाची आवक त्याने अशीच लिहिली. ती वाचून साइमाने जहाजावरच्या नवऱ्यासाठी, आर्वोसाठी, कॉफी चढवली. जहाज बंदराबाहेरच बुडाले. एकही माणूस हाती लागला नाही. रेइनोने नोंद मात्र दुरुस्त केली नाही. लिहिलेले खोडणे त्याच्या स्वभावात नव्हते.

साइमा वाळून काटकी झाली होती. टेबलाशी दोन खुर्च्या. रिकाम्या खुर्चीखाली पाणी साचलेले. रेइनोने खाकरून आर्वोच्या मरणाबद्दल चार शब्द काढले.

ती हसली. “बारा वर्षांनी? तुझी जीभ बोटींपेक्षा उशिरा येते रे.” मग तिने आवाज खाली आणला. “तो आलाय, रेइनो... त्याच दिवशी आला. तू लिहिलं होतंस ना. बोलत नाही, जेवत नाही... नुसता बसून असतो. मला झोप नाही. त्याची जावक लिही. एवढं देणं लागतोस तू माझं.”

रेइनो खुर्चीकडे पाठ न करता बाहेर पडला.

दिवस मावळत होता. धुके उतरले होते. धक्क्यावरच्या खोलीत त्याने जुनी वही काढली आणि नेहमीच्या शब्दांत लिहिले: ‘एल्सा लिंडग्रेन’, जावक, सर्व माणसांसह.

शाई ओली होती तोच भोंगा झाला. तीन लांब, दोन आखूड, जहाजाचा रामराम. आवाज सरोवरातून आला नाही. खिडकीखालच्या रिकाम्या धक्क्यावरून आला... ओल्या कोळशाचा वास खोलीत शिरला. काच थरथरली. रेइनोने मान वर केली नाही.

सकाळी साइमाचे दार सताड उघडे होते. घरात कोणी नव्हते. ताज्या बर्फात उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत पावले गेली होती. एक जोडी बुटांची, एक अनवाणी. अनवाणी टाचा जागोजाग खोल फरफटल्या होत्या.

रेइनोचे देणे फिटले होते.