चौथा पेच

विश्वास ठेवा अगर नका ठेवू, यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

मागच्या वर्षीचा एप्रिल. शहादा. भर दुपार.

रात्र असती, तर मनाची समजूत तरी घातली असती…

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. जवळच्या प्रकाशा गावाहून ललितभाऊ आला. रुमालात गुंडाळलेलं वीतभर रेल्वे इंजिन, हुबेहूब खऱ्यासारखं. त्याच्या वडिलांची, पितांबरबापूंची हौस. बापू महिन्यापूर्वीच गेले.

"सदफताई, तवयपासीन माय काहीच खात नही. दोन्ही जण रोज हाई गाडी पाहेत. ती चालनी तं एखादे येळ घास ली."

"मी मोबाईलवाली, भाऊ."

"मोबाईलनी डॉक्टर, आते गाडीनी बी व्हई जाय!"

तो हसला. डोळे हसले नाहीत.

माझा एक पेचकस जाड, दुसरा घसरणारा. पेचाचं डोकं झिजलं असतं, तर इंजिन कधीच उघडलं नसतं.

मग अब्बांची पेटी आठवली. अब्बा, हारुन घडीवाले, घड्याळं दुरुस्त करायचे. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन.

अम्मीने पेटी काढून दिली. "ले जा. इतने छोटे पेच को उनका ही औजार लगेगा."

दुकानात परतले. उन्हाने बाजार ओस पडलेला. लाईट गेली. पंखा थांबला.

अब्बांचा सगळ्यात बारीक पेचकस खाचेत बसला. जणू घरी आला.

पेच सोडवताना अब्बा श्वास धरायचे. फुंकर लागली की बारीक पेच उडतो. मीही धरला.

पहिला पेच सुटला.

आणि… माझ्या मागे कुणीतरी श्वास सोडला.

लांब. दमलेला.

मी वळले. मागे भिंत होती.

दुसरा पेच. पुन्हा तसंच.

तिसऱ्याला मी मुद्दाम मोठ्याने श्वास घेत राहिले. पेच सुटला…

मागचा श्वासही सुटला.

चौथ्यालाही.

पळून जावंसं वाटलं. पण डोळ्यांपुढे ललितभाऊची उपाशी आई, तापीबाई होत्या.

इंजिन उघडलं. चाकाच्या दांडीभोवती एक लांब, पांढरा केस गुंडाळला होता. त्यांचाच असावा. चिमट्याने हळूच ओढून काढला. तेलाचा थेंब सोडला. पेच परत कसू लागले.

एक… मागे श्वास.

दोन… श्वास.

तीन… श्वास.

चौथा पेच घट्ट बसला.

मी थांबले.

काहीच नाही.

बॅटरी लावली. चाकं भिरभिरली. तरीही… काहीच नाही. नुसती शांतता, कुणीतरी पाठीशी टेकून राहिल्यासारखी.

संध्याकाळी ललितभाऊ इंजिन घेऊन गेला. रात्री त्याचा फोन.

"ताई, माय जेवनी! खिचडी खादी!"

मी रडलेच.

मग त्याचा आवाज बारीक झाला. "पण गाडी थांबाडू देत नही. थांबनी का… मायना श्वास बी थांबस."

वर्ष झालं. प्रकाशा गावी, ललितभाऊच्या घरी ती गाडी फिरतेच आहे, रात्रंदिवस. लाईट गेली की बॅटरीवर. दर महिन्याला मी जाऊन तेल घालते. चाकं झिजत चालली आहेत.

इकडे दुपारी पंखा थांबला की मी कानांवर हात ठेवते.

माझ्या मागे कुणीतरी अजून चौथ्या पेचाचा श्वास धरून आहे.

तो सुटलेला मला ऐकायचा नाही.