उरलेली जोडी

शहाण्णव सालची गोष्ट. संक्रांत नुकतीच झाली होती. विश्वासराव सकाळी दुकानातून टॉर्चचा एक सेल घेऊन घरी आले, तेव्हा जमनाबाई हॉलमध्ये खोक्यांच्या मधोमध बसल्या होत्या. खोक्यांत अॅम्प्लिफायर आणि छोटे छोटे स्पीकर. ऑर्डर यशोवर्धनची. माल यायला उशीर झाला, आणि तोवर ऑर्डर देणारा राहिला नव्हता.

यशोवर्धन त्यांचा एकुलता एक. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात इंजिनिअर. चामराजपेटेतलं भाड्याचं घर सोडायचं म्हणून शहराबाहेर, बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे त्याने हे घर बांधायला घेतलं. तेव्हा तिकडे नारळीच्या बागा आणि नाचणीची शेतं. शेजार असा नव्हताच. गिलावा होण्याआधी त्याने भिंतींतून पाइप घालून खोलीखोलीत स्पीकरच्या आणि टीव्हीच्या वायरी नेल्या, आणि सगळ्यांची दुसरी टोकं जिन्याखालच्या कपाटात आणून सोडली. "आई, तू जाशील तिथे तुझी भजनं तुझ्यामागून येतील," म्हणायचा. कुठली वायर कुठल्या खोलीची, हे सगळं त्याच्या डोक्यात. वास्तुशांतीच्या तोंडावर होसूर रोडला एका लॉरीने त्याची स्कूटर उडवली. डोक्यातलं डोक्यातच राहिलं.

विश्वासरावांचा जन्म बँकेत गेलेला. त्यांना खोकी परत पाठवायची होती. पण जमनाबाई म्हणाल्या, "त्याचं अर्धं राहिलेलं काम आहे. आपण नाही करायचं तर कुणी?" तेरवीनंतर एवढं लांब वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

दुकानदाराने युक्ती सांगितली होती. खोलीतल्या वायरीला स्पीकर जोडायचा आणि इकडे कपाटात एकेका जोडीला सेल टेकवायचा. स्पीकर 'कर्र' वाजला की ती जोडी त्या खोलीची. टीव्हीच्या वायरी जाड, काळ्या. त्या सहज ओळखू आल्या. बाकीच्यांसाठी विश्वासराव कपाटात उकिडवे बसले आणि जमनाबाई स्पीकर घेऊन खोलीखोलीतून फिरल्या. ते सेल टेकवायचे, थांबायचे, पुन्हा टेकवायचे. मग कुठूनतरी त्यांचा आवाज यायचा, "वाजलं!" दुपारपर्यंत त्या आवाजात जरा जीव आला होता.

सगळ्या खोल्या झाल्या. एक जोडी मात्र उरली. तिचं दुसरं टोक कुठेच सापडेना. शोधता शोधता दिवेलागणीची वेळ झाली आणि वीज गेली. तळ्याकडून कुजक्या शेवाळाचा वास आत येत होता. विश्वासरावांनी कंदील लावून कपाटाशी आणून ठेवला. टोकं हरवू नयेत म्हणून तिथेच येऊन बसलेल्या जमनाबाईंनी उरलेली जोडी मांडीवरच्या स्पीकरच्या तारांना गुंडाळून ठेवली.

कर्र.

विश्वासरावांनी हातातल्या सेलकडे पाहिलं. तो कशालाच टेकलेला नव्हता.

थोडा वेळ गेला. कर्र... मग पुन्हा शांत. जणू पलीकडे कुणीतरी सेल टेकवून कान देऊन वाट बघतंय.

"अहो..." जमनाबाई पुटपुटल्या, "तो विचारतोय."

"वीज आली-गेली की असं होतं. सोड ती वायर."

"वीज कुठाय?"

कर्र... जमनाबाईंचे ओठ उघडले. विश्वासरावांनी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तिन्हीसांजेच्या अशा हाकेला ओ देऊ नये, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. जमनाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या बोटांवरून ओघळलं.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की जमनाबाई कपाटाशी स्पीकर मांडीवर घेऊन बसायच्या. बोलायच्या नाहीत, विश्वासरावांनी शपथ घातली होती. नुसत्या स्पीकरवरून हात फिरवायच्या. हळूहळू त्या जेवू लागल्या, वेणी घालू लागल्या. यल्लव्वा भांडी घासायला यायची, ती म्हणालीसुद्धा, "अक्कांना आता स्वल्प बरं वाटतंय."

विश्वासरावांची मात्र झोप उडाली. दर खेपेला तो आवाज जरा जास्त दमलेला वाटायचा. दोन टेकवण्यांमधला वेळ लांबत चालला होता. ते अंथरुणात पडल्या पडल्या विचार करायचे, पोर कुठल्या अंधारात उकिडवं बसलंय? कधीपासून? कुणी उत्तर देत नाही म्हणून किती वायरी चाचपून पाहिल्या असतील त्याने?

शिवरात्रीच्या संध्याकाळी कर्र वाजलं, आणि मग इतका वेळ काहीच नाही की जमनाबाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. मग अगदी क्षीण, पुन्हा... कर्र.

विश्वासराव गुडघ्यांवर बसले. स्पीकरला तोंड लावून म्हणाले, "वाजलं रे... वाजलं, यशू. हीच ती. ऊठ आता, बाळा..."

स्पीकर गप्प झाला. त्या संध्याकाळी, दुसऱ्या, तिसऱ्या. जमनाबाईंनी पुन्हा अन्न टाकलं. एकदाच म्हणाल्या, "का सांगितलंत हो? नसतं सांगितलं तर तो रोज आला असता."

निदान ती वायर जाते कुठे ते हिला दाखवावं, म्हणून विश्वासरावांनी शिवकुमारला बोलावलं. घराचा गिलावा त्यानेच केला होता. तो छिन्नी घेऊन वायरीच्या मागे मागे भिंत फोडत निघाला. वायर जिन्याला लागून वर चढली, वरच्या खोलीत वळली आणि भिंतीच्या पोटातच संपली. पाइप नाही, डबी नाही. चारी बाजूंनी वीट आणि सिमेंट.

"सर, इथे वायर नव्हतीच," शिवकुमार कानडीत म्हणाला. "ही भिंत मी माझ्या हाताने बंद केलीये." आणि तो हत्यारं गोळा करून खाली गेला.

कंदील जवळ धरून दोघांनी पाहिलं. सिमेंटात राहून तांबं काळवंडतं; हे लखलखत होतं. त्याच्यावरचं प्लास्टिक वाकडंतिकडं सोललेलं होतं.

"दातांनी सोललंय," जमनाबाई म्हणाल्या. "किती ओरडायची मी त्याला..."

त्यांनी ते टोक चिमटीत धरलं आणि हात तसाच राहिला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे ओलं आहे."