मुकादमकाकांनी जिंकलेली शर्यत

"आजही चाक थांबलंय," पन्हळीतली वाळू फावड्याने उपसत मामा म्हणाला, आणि तिन्ही भाचरांनी सहलीचा बेत तिथल्या तिथे गुंडाळला.

मामाची पाणचक्की डोंगरातल्या ओढ्यावर चालायची. वरच्या हिमनदीच्या पोटातून निघालेलं पाणी दगडांच्या पायऱ्या उतरत यायचं आणि लाकडी पन्हळीतून चाकावर पडायचं. या सुट्टीत मात्र पन्हळ रोज वाळूने भरत होती. असंच चाललं तर चक्की विकून शहरात नोकरी धरतो, असं मामा मामीला म्हणाला होता. ते मुलांच्या कानावर पडलं होतं आणि तेव्हापासून तिघांच्या तोंडची चव गेली होती.

शेजारी रस्ता बांधणाऱ्या मुकादमकाकांनी निदान केव्हाच करून टाकलं होतं. यंदा ऊन कडक, बर्फ जास्त वितळतंय, हिमनदीच वाळू आणतेय, त्याला कोण काय करणार? माणूस दिलदार, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यांच्या खिशात तयार.

तिघांत थोरल्या असलेल्या ताईला ते पटेना. मामीकडून खाऊचे डबे घेऊन ती दोघा भावंडांसह ओढ्याच्या काठाने वर चढली. चक्कीच्या वरच्या अंगाला ओढा एक वळण घ्यायचा. त्या वळणाच्या वर पाणी एकेका दगडावरून उडी मारत होतं, खालच्या डोहात गोल फिरत होतं आणि दम खाऊन पुढच्या पायरीकडे निघत होतं. धाकट्या पिटुकलीने ओंजळ भरून थेट तोंडाला लावली.

"अगं, पितेस काय!" ताई ओरडली.

"दुधासारखं दिसतंय, पण वाळू दाताखाली येत नाही," पिटुकली शांतपणे म्हणाली.

म्हणजे वाळू हिमनदीची नव्हतीच! तिघं धावतच वळणाखाली आली. तिथे एकही पायरी उरली नव्हती. शाळा सुटल्यावर पोरं सुटावीत तसं पाणी सरळ खाली सुटलं होतं आणि काठाची माती ढासळत होती. मग पायऱ्यांचे दगड गेले कुठे? मधला भाऊ चष्मा पुसत रस्त्याच्या नव्या भिंतीकडे बघत राहिला. तिचं सिमेंट अजून ओलं होतं, पण दगडांवर मात्र हिरवं शेवाळ होतं.

काकांना तोंडावर सांगून उपयोग नव्हता, त्यांनी उलट तासभर व्याख्यान दिलं असतं. म्हणून ताईने त्यांना शर्यतीचं आमंत्रण दिलं. एक चेंडू वळणाच्या वर, एक वळणाखाली, दोन्हीकडे दोरीने मोजलेलं सारखंच अंतर. काका खूश झाले. आपण ओढा कसा साफ केलाय ते सगळ्यांना दिसेल, म्हणून त्यांनी खालची बाजू घेतली आणि मामालाही हाक मारून बोलावलं.

मुलांचा चेंडू पहिल्याच डोहात गिरक्या घेत बसला. काकांचा सुसाट गेला. "जिंकलो की नाही?" काकांनी छाती फुगवली.

"जिंकलात ना," ताई म्हणाली. "वरचं पाणी प्रत्येक पायरीवर थांबतं, म्हणून काठाला धक्का लावत नाही. तुमचं पाणी एवढ्या घाईत असतं की काठ खरवडून थेट मामाच्या पन्हळीत आणून टाकतं."

काकांनी काठाकडे पाहिलं. मातीचं एक ढेकूळ त्यांच्या देखत ओढ्यात पडलं. दगड आयते हाताशी होते, हव्या त्या आकाराचे होते, म्हणून उचलले, असं ते हळू आवाजात म्हणाले. पाण्याला त्या दगडांचं काही काम असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीचं काम थांबवलं. खाणीतून मोठे दगड मागवून माणसांकरवी एकेक पायरी पुन्हा रचून घेतली, आणि कुठला दगड कुठे बसवायचा हे दर वेळी पिटुकलीला विचारलं. "ही तिघं मला कामावर द्या," ते मामीला म्हणाले. "असे डोळे माझ्या एकाही माणसाला नाहीत."

"आधी शाळा होऊ दे त्यांची," मामी हसत म्हणाली.

पायऱ्या रचून झाल्यावर मामाने पन्हळीतलं पाणी अडवणारी फळी उचलली. चाक जरा कुरकुरलं आणि फिरायला लागलं. पन्हळीच्या तळाशी त्याने हात घालून पाहिला, वाळूचा कण नव्हता. ओल्याच हातांनी त्याने तिघांना जवळ ओढलं.

"आता मी कुठेही जात नाही," तो म्हणाला.