आत्याचा अख्खा आवाज

कुणीही टेबल भाड्याने घ्यावं अशा त्या सामायिक ऑफिसचं नेट रांगायला लागलं, तेव्हा तो तणतणत टेबलाटेबलाशी विचारत सुटला. खिडकीजवळ, लॅपटॉपवरून गाणी नेटवर चढवत, कानांवर हेडफोन, डोळे मिटून डोलणारी ती सापडली... आणि रागवायचं राहूनच गेलं.

ती गाणं शिकवायची. आत्याच्या अंगाईगीतांची वेबसाइट करत होती. आत्याचा गळा दिवसेंदिवस बसत चालला होता; तो पुरता मिटायच्या आत तिचं गाणं घरोघरी पोचावं, एवढाच ध्यास. पण रेकॉर्डिंगच्या फायली एकेक अगडबंब, आणि वेबसाइट उघडता उघडेना.

"सगळं सामान दारातच रचलंय तुम्ही," तो म्हणाला. "पाहुण्यांनी आत यायचं कुठून?"

वेबसाइट बांधणं हाच त्याचा धंदा. फायली दाबून लहान करू, असं त्याने सुचवलं. ती फणकारली. दाबलं की आत्याचा श्वास जातो, ओठांवरचं हसू जातं. मग उरतं काय? पुढे रोज संध्याकाळी हीच घासाघीस. तो हट्टाला पेटायचा, ती रुसायची, चहा गार व्हायचा – आणि दुसऱ्या दिवशी दोघंही वेळेआधी हजर. अखेर तोड निघाली. क्लाउडमध्ये वेगळी जागा भाड्याने घेऊन मूळ फायली तिथे जशाच्या तशा ठेवायच्या, वेबसाइटवर त्यांच्या हलक्या प्रती. ज्याला अख्खा आवाज हवा असेल, त्याने तिथून उतरवून घ्यावा.

वेबसाइट भुर्रकन उघडली. दूरदूरच्या भाचरांनी फोन केले, आत्या बसक्या आवाजात दिवसभर हसत राहिली.

एकच फाइल मात्र त्याने अडवून धरली होती.

"ही चढवली नाही," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "गाणं संपल्यावर तुम्ही... रेकॉर्डिंग बंद करायला विसरलात."

तिला आठवलं. आत्याने विचारलं होतं, कोण गं हा, सारखं त्याचंच पुराण? आणि ती काय काय बोलून बसली होती – त्याच्या कपाळावर येणाऱ्या केसांबद्दलसुद्धा. तिचे कान तापले.

"ऐकलंत?"

"तपासावं लागतं ना," तो गडबडला. "मग पुन्हा ऐकलं... ते तपासायला नाही."

ती खाली बघून हसली.

"कुठेतरी ठेवायला तर हवीच," तो हळूच म्हणाला. "कुणाकुणाला ऐकू द्यायची?"

माउसवरच्या त्याच्या हातावर तिने आपला हात ठेवला.

"तुला नि मला."

"आणि आत्याला?"

"तिला कशाला? तिनेच तर मला बोलतं केलं."