काचेवरचा हिरवा उजेड

"तिकीट घ्या ना! बोटं काय बघताय?"

मी जरा जोरातच बोलले. अख्खी बस मागं वळली. जानेवारीतली सकाळ होती. चौसाळ्याहून बीडला जाणारी सातची एसटी, नीट न लागणाऱ्या खिडक्या, अन् कंडक्टर मी – शिवकन्या, वय सव्वीस. तिसऱ्या सीटवरचा चॉकलेटी स्वेटरवाला मात्र माझ्या हाताकडंच बघत होता.

"तुमची बोटं... नेहमी अशी पांढरी पडतात?"

"थंडीनं पडत्यात. तुमाला काय करायचंय?"

"आधी पांढरी, मग निळी, मग लाल." तो अगदी हळू बोलला, फक्त मला ऐकू जाईल एवढं. "अन् सकाळी उठल्यावर मूठ वळत नसेल..."

मी जागेवरच थांबले. दोन वर्षं झाली होती. सकाळी माझी वेणी आई घालायची, शर्टाची बटणंही तीच लावायची. हे आमच्या पाली गावात शेजारच्या घरालासुद्धा माहीत नव्हतं. याला कसं कळलं?

"डॉक्टर हाय का तुमी?"

"न्हाई. बीडला लॅबमध्ये रक्त तपासतो. बंकट नाव माझं."

"बंकट? हे तर आजोबाचं नाव वाटतंय."

"आजोबाचंच हाय. जाताना मला देऊन गेले."

मला हसू आलं... ते लपवायला मी उगाच पुढच्या सीटकडं वळले. बीडचं स्टँड आलं, तेव्हा तो दाराशी उभा राहून म्हणाला, "सांध्यांचे मोठे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी शनिवारी संभाजीनगरहून बीडला येतात. एकदा दाखवा. घाबरवत न्हाई मी... पण दाखवा."

गोळ्या झाल्या होत्या, लेप झाले होते, दोन गंडेही बांधून झाले होते. म्हटलं, हेही बघू.

डॉक्टरांनी माझी बोटं पाहिली, गालांवरचे लाल चट्टे पाहिले, गळणाऱ्या केसांचं विचारलं आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन लॅबमध्ये गेले, तर सुई घेऊन समोर बंकटच!

"दुखलं?"

"तुमच्या प्रश्नांएवढं न्हाई."

तो हसला. गालावर खळी पडली. एकाच गालावर. मी पटकन भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"या रक्तात शोधायचं तरी काय असतं?" मी विचारलं.

"अंगात रोग शिरला की त्याला धरायला शरीर अँटिबॉडी बनवतं. बारीक बारीक राखणदार समजा. एखाद्याच्या अंगात ते चुकतात. घरच्याच माणसाला चोर समजून धरतात. तसले राखणदार तुमच्या रक्तात हायत का, ते बघायचं."

"अन् ते दिसत्यात?"

"दिसत्यात." त्याचे डोळे लुकलुकले. "लई सुंदर दिसत्यात."

"मला दाखवा."

तो गडबडला. असं कुणी मागितलेलं नव्हतं. आत जाऊन त्यानं लॅबच्या सत्यशीला मॅडमना विचारलं. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तिचंच रक्त आहे. मंगळवारी येऊ दे."

मंगळवारी दुपारी मी युनिफॉर्मवरच गेले. मॅडमनी मायक्रोस्कोपच्या खोलीतले दिवे घालवले, खिडकीवर काळा पडदा ओढला. उजेडात तपासणीचा रंग फिका पडतो म्हणे. बंकटनं समजावलं – काचेवर माणसाच्या पेशी आधीच लावलेल्या असतात. त्यांच्यावर माझ्या रक्तातलं पाणी सोडलं. माझ्या अँटिबॉडी जिथं जाऊन चिकटल्या, तिथं चमकणारा रंग जाऊन बसला. बाकीचं सगळं धुऊन टाकलं.

मी डोळा लावला.

आधी नुसता काळोख. मग... हिरवं. शेकडो हिरवे गोळे, काळ्या आभाळात टांगल्यासारखे. कडेपासून कडेपर्यंत भरून उजळलेले. एका ठिकाणी एक पेशी दोन व्हायला निघाली होती, तिच्या मध्यात झगझगीत हिरवी पट्टी. रोज अंथरुणातून उठताना ज्यानं मला रडवलं, जे ना आईला दिसलं ना डॉक्टरांना, ते माझ्यापुढं तेजानं जळत होतं. त्याच्यापुढं हात जोडावेत की त्याला शिव्या द्याव्यात, कळेना.

"हे सगळं माझ्या अंगातलं?"

"पेशी दुसऱ्याच्या. उजेड तुमचा."

"म्हणजे चांगलं का वाईट?"

मी वळून पाहिलं. पडद्याच्या फटीतून आलेल्या पुसट उजेडात त्याचा चेहरा उतरलेला दिसला.

"ते डॉक्टर सांगतील," एवढंच म्हणाला. आवाज मात्र सांगून गेला.

आणखी एक अँटिबॉडी तपासली. तीही सापडली. लघवीही तपासली. "ल्युपस," डॉक्टर म्हणाले. "शरीर स्वतःवरच उलटतं, तो हा आजार. मूत्रपिंड सध्या ठीक आहे, वेळेवर आलात. आजार जन्मभराचा, पण आटोक्यात राहतो. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि ऊन टाळायचं."

घरी आल्यावर आईनं दार लावून घेतलं. "हे कुणापाशी बोलायचं न्हाई. लग्न जमायचं हाय तुझं."

मी ड्युटी बदलून नेकनूरची गाडी मागून घेतली. बंकटला टाळायचं होतं. ज्याच्यापुढं नटावं वाटत होतं, त्यानंच माझं आतलं सगळं पाहिलं होतं... कसं बघणार त्याच्याकडं?

तीन महिने गेले. गोळ्यांनी गुण दिला. एके सकाळी माझी वेणी मी घातली, आई दारातून बघत राहिली. त्याच दिवशी नेकनूरच्या गाडीत, तिसऱ्या सीटवर, बंकट.

"नेकनूरला काय काम काढलं?" मी कोरडेपणानं विचारलं.

"काहीच न्हाई."

नेकनूरला गाडी रिकामी झाली. ड्रायव्हर चहाला गेला. बंकट बसूनच.

"उतरा. शेवटचा स्टॉप हाय."

"माझ्याकडं मोटारसायकल हाय," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग एसटीनं कशापायी येत होतो, ते इचारा ना! डिसेंबरभर रोज आलतो, गर्दीत तुमचं ध्यान गेलं न्हाई. बोटांकडं लक्ष गेलं ते नंतर... आधी तुमच्याकडं बघत होतो."

कानापर्यंत गरम झालं मला. तरी विचारलंच, "आता कीव येती म्हणून आलात?"

"रोज कितीतरी काचा बघतो मी. सगळ्यांच्या मागं नेकनूरला जातो का?" तो उठून उभा राहिला. "घरी बोलू का? न्हाई म्हणालात तर आत्ता उतरतो."

"तुमच्या आईला माझ्या आजाराचं सांगितलंय?"

"न्हाई. लॅबमधलं मी कुठंच बोलत न्हाई. ते सांगायचं का न्हाई, तुमचं तुमी ठरवा."

मी त्याला उतरवलं नाही.

पुढच्या रविवारी त्याची आई, चंद्रभागाबाई, पालीला आमच्या घरी आल्या. उंच, तापट डोळ्यांच्या. आईनं पोहे केले, अन् मला दोनदा डोळ्यांनी दटावलं – गप बस. बंकट खाली मान घालून बसलेला. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "पोरगी आवडली. तुमचं काय सांगायचं राहिलंय का?"

"न्हाई न्हाई," आई घाईनं म्हणाली.

"राहिलंय," मी म्हणाले.

बशीत चमचा वाजला, आईच्या हातातला. मी सगळं सांगितलं. माझ्याच अंगातले राखणदार माझ्यावर उलटलेत. आजार जाणार नाही, गोळ्या जन्मभर. मूल होऊ शकतं, पण आजार शांत असताना, डॉक्टरला विचारून. उन्हात राबता येणार नाही. मधे कुठं थांबले नाही.

चंद्रभागाबाई लेकाकडं वळल्या. "तुला ठावं होतं?"

"होतं."

"अन् मला बोलला न्हाईस?"

"तिचं हाय ते, आई. तिनंच बोलायचं होतं."

बाहेर कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली, पाणी धो धो पडू लागलं. चंद्रभागाबाईंनी पोह्यांची बशी बाजूला सारली. माझा हात हातात घेतला, एकेक बोट दाबून पाहिलं, जणू काही मोडलंय का ते बघत होत्या.

"ऊन चालत न्हाई म्हणतीस," त्या म्हणाल्या. "मंग दुपारचा मुहूर्त न्हाई चालायचा. गोरज धरू. दिवस बुडताना."

आईनं पदर तोंडाला लावला. बंकटनं मान वर केली. डोळ्यांत पाणी अन् गालावर ती एकच खळी.

"चालंल का?" त्यानं विचारलं.

"चालंल," मी म्हणाले.