तिसरा हात

माणूस घडीचा चाकू कसा उघडतो यावरून त्याचा स्वभाव ओळखता येतो, असं चाकूवाल्याचं ठाम मत होतं. बायकोच्या मते यावरून फक्त एवढंच ओळखता येतं, की चाकूवाल्याला दुसरं काम नाही. नवराबायको दोघं मिळूनच दुकान चालवायचे. दुकान म्हणजे एक लांबट खोली: पुढे काच, मागे पातं आवळून धरायचा शिकंजा आणि धारेचा दगड, आणि कितीही पुसलं तरी न जाणारा तेलाचा वास.

त्याला स्वतःला जुन्या धाटणीचा चाकू आवडायचा. पात्याच्या कडेला बारीक खाच असते, तिच्यात नख अडकवून पातं सावकाश ओढून काढायचं. "उघडता उघडता मनात विचार येऊन जातो," तो म्हणायचा, "उघडायची खरंच गरज आहे का." तिला खटक्याचा आवडायचा. बटण दाबलं की पातं टणकन बाहेर.

"मला सुतळी कापायची असते," ती म्हणायची, "तिच्याबद्दल विचार नसतो करायचा."

तो मान हलवून पुन्हा धारेच्या दगडाकडे वळायचा.

एका दुपारी पुढच्या रस्त्यावरचा बाइंडर आला. पुस्तकं बांधायचं काम करणारा, हडकुळा, हळू बोलणारा माणूस. बायको गेल्यापासून आणखीच हळू बोलायचा. त्याने एक खटक्याचा चाकू काउंटरवर ठेवला.

"याचा खटका काढून टाका, दादा."

"बिघडलाय?"

"नाही. फार चांगला चालतो." बाइंडरने चाकू पुढे सरकवला. "एका हाताने उघडता येणार नाही असा करून द्या."

चाकूवाल्याला आनंदच झाला. आपल्या मताचा माणूस भेटला, असं त्याला वाटलं. त्याने खटका काढला, पात्याला खाच पाडली, सांधा मुद्दाम घट्ट ठेवला. आता दोन्ही हात लावल्याशिवाय पातं हलत नव्हतं. बाइंडरने दोनतीनदा उघडझाप करून पाहिली, मान डोलावली आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात तो परत आला. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"अजून अवघड करता येईल?"

"अहो, पण मग तुम्ही तो वापरणार कसा?"

बाइंडरने मागे वळून दाराकडे पाहिलं. दुकानात चाकूवाल्याच्या बायकोशिवाय कुणीच नव्हतं. मग तो स्टुलावर बसला आणि सांगू लागला. रात्री चाकू मिटवून ठेवायचा, सकाळी जेवणाच्या टेबलावर मधोमध उघडा सापडायचा. काही कापलेलं नाही, कुणाला काही इजा नाही. नुसता उघडा. कपाटात कुलूप लावून ठेवला, तरी तेच.

"किल्ली माझ्याच उशाखाली असते," तो म्हणाला. "म्हणजे मीच उठत असणार. लहानपणी मला झोपेत चालायची सवय होती. पण घरात माझी मुलगी आहे, दादा. शाळेत जाणारी पोर. झोपेत मी हातात चाकू घेऊन घरभर..."



"तर मग टाकून का देत नाही?" बायकोने विचारलं.

"दिला होता. मग कागद कापायची सुरी टेबलावर आली. ती सुरी तर मिटताही येत नाही, म्हणून हाच उचलून परत आणला."

चाकूवाला बराच वेळ चाकू हातात फिरवत राहिला. झोपेत चालणाऱ्या माणसाची गोष्ट त्याला पटण्यासारखी होती, आणि पटलेल्या गोष्टीवर इलाज असतो. त्याने मुठीच्या दोन्ही टोकांना एकेक बटण बसवलं, आत कडक स्प्रिंगा घातल्या. बटणं मुठीत खोल बसवली, म्हणजे टेबलाच्या कडेवर दाबून काम होऊ नये. दोन अंगठ्यांनी दोन्ही बटणं एकाच वेळी दाबून धरली, तरच पातं सुटायचं. आणि सुटलेलं पातं ओढायला तिसरा हात लागायचा.

त्याने एकट्याने हरतऱ्हेने प्रयत्न करून पाहिला. गुडघ्यात धरून, दातांनी, शिकंज्यात अडकवून. जमलं नाही. मग बायकोला हाक मारली. त्याने बटणं दाबली, तिने खाचेत नख घालून पातं ओढलं.

"हा चाकू उघडायचा म्हणजे आधी लग्न करायला हवं," ती म्हणाली.

बाइंडरही हसला. त्याला हसताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. "आता मी एकटा काही करू शकत नाही," तो म्हणाला, आणि चाकू खिशात घालून अगदी हलक्या पावलांनी गेला.

दोन दिवसांनी तो पुन्हा दारात उभा होता. आत आला नाही. हात लांब करून कागदात गुंडाळलेला चाकू त्याने काउंटरवर ठेवला.

"उघडला," तो म्हणाला.

चाकूवाल्याने कागद उलगडला. "घरी पाहुणे वगैरे कुणी..."

"आम्ही दोघंच असतो. मी आणि पोर."

"तिला विचारलंत?"

"कशाला विचारू?" बाइंडरचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "ती नाही म्हणाली तर मी काय समजायचं? आणि हो म्हणाली तर?"

चाकू तुमच्याकडेच राहू द्या, एवढं सांगून तो निघून गेला.

आपल्याच कामात काहीतरी खोट राहिली असणार, असं चाकूवाल्याने ठरवलं. संध्याकाळी त्याने चाकू घरी नेला.

"दुकानातच ठेवायचा होता," बायको म्हणाली.

"घरी निवांत बघतो."

जेवण झाल्यावर त्याने स्प्रिंगा तपासल्या. ठीक होत्या. चाकू मिटवून डब्यांच्या मागे फळीवर ठेवला, आणि दोघं झोपली.

सकाळी चाकू टेबलावर होता. मधोमध. उघडा.

बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. पाणी तापत होतं. तिने टेबलाकडे पाहिलं होतं की नाही, ते कळत नव्हतं.

त्याने चाकू उचलला, मिटवला. एकट्याने उघडतो का, ते पाहण्यासाठी बटणांवर अंगठे टेकवले.

टेकवताच कळ आली.

त्याने हात उजेडात धरले. दोन्ही अंगठ्यांच्या पेरांवर एकेक गोल, लाल वळ उमटला होता. बराच वेळ काहीतरी घट्ट दाबून धरल्यासारखा.

त्याने हात खाली घेतले. 

"अहो," बायको मागे न वळता म्हणाली, "नेलकटर कुठे ठेवलाय? माझं नख तुटलंय कशात तरी अडकून. झोपताना तर नीट होतं."