दोनची डावी कूस

मास्तरांना दर दोन तासांनी वळवायचं, एवढंच काम. उजवी कूस, पाठ, डावी कूस. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. आयुष्यभर पोरांना बाकावर उभं करणाऱ्या मास्तरांना आता स्वतःचं बोट हलवता येत नव्हतं, आणि अंग एका जागी जास्त वेळ टेकलं की तिथली कातडी सोलवटायची.

मागच्याच महिन्यात शुश्रूषाकेंद्राच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना बेडसोर झाला, तर त्यांच्या आयाला त्याच दिवशी घरी बसवलं. मास्तरांना सांभाळणाऱ्या मावशीने तेव्हापासून धसका घेतला होता. पण खाटा अकरा आणि कंबर एक. म्हणून सगळ्याजणी करत तेच तीही करायची. सकाळच्या चहाबरोबर कूस बदलल्याच्या दिवसभराच्या तक्त्यावर सह्या ठोकून मोकळी.

एकदा दोनला पाच कमी असताना ती मळक्या चादरींच्या ढिगासकट लिफ्टमध्ये अडकली. वॉचमन बाहेरून धीर देत होता, म्हणजे याआधी कोण किती तास अडकलं होतं ते सांगत होता. साडेतीनला सुटली ती जिन्याने धावतच वर. मास्तर बारापासून पाठीवर. पाठ लाल झाली असणार. गेली नोकरी.

मास्तर डाव्या कुशीवर होते. तक्त्यात दोनसमोर लिहिलं होतं तसे.

तिने सिस्टरला विचारलं.

"मला माझी कूस बदलायला वेळ नाही गं, मावशी," सिस्टर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने सह्या केल्या आणि दुपारभर दाराबाहेर स्टूल टाकून बसली. आत कोणी गेलं नाही. चारला डोकावली. मास्तर वळलेले. डोळे उघडे, तिच्या खांद्यामागे कुठेतरी लागलेले.

घाबरायला हवं होतं. पण घाबरायलाही अंगात जीव लागतो. तिने पाय लांब केले आणि डोळे मिटले.

महिन्याने डॉक्टरांनी पाठ तपासली. लाल ठिपकासुद्धा नाही. मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि बक्षीस म्हणून आणखी चार खाटा दिल्या. तिने त्यांच्याही सह्या ठोकल्या.

सुट्टीच्या दिवशी जेवून ती घरी उताणी पडली. लेक बाहेरून कुलूप लावून क्लासला गेली.

जाग आली तेव्हा ती डाव्या कुशीवर होती. गुडघ्यांमध्ये उशी.

उठायला गेली. हात हलेना. तोंड उघडेना.

समोर घड्याळात चार वाजून पाच मिनिटं.

मग पाठीमागून कुणीतरी तिच्या मानेखाली अडकलेले केस हळूच, सवयीच्या हाताने, सोडवून घेतले.